अराली पॉइंट, 8 ऑगस्ट 1992: सुरुंगरोधक गाड्या हाताशी असताना लँड रोव्हर का?

प्रश्न असा आहे: श्रीलंकेच्या लष्कराकडे 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सुरुंगरोधक बफेल गाड्या होत्या. तरीही 1992 मध्ये उत्तर आघाडीचे सगळ्यात मोठे अधिकारी एका साध्या लँड रोव्हरमध्ये बसून स्फोटात कसे गेले? आणि ते बफेलमध्ये असते तर वाचले असते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. काही जण वाचले असते, असं म्हणायला जागा आहे. पण नुसती गाडी बदलून भागलं असतं असं मानणं चूक ठरेल. जमिनीत पेरलेल्या सुरुंगापुढे गाडीचं चिलखत ही सर्वात शेवटची तटबंदी असते. त्याआधी रस्ता कोणता, तो कोणी पाहिला, पाहिल्यावर त्यावर नजर कोणी ठेवली, गाडीत कोण कोण बसलं आणि किती घाईत निघालं, हे सगळं ठरून गेलेलं असतं. अराली पॉइंटला काय पणाला लागलं होतं ते याच क्रमाने पाहिलं तर समजतं.

घटना थोडक्यात अशी. मेजर जनरल डेन्झिल कोब्बेकडुवा हे उत्तरेकडच्या मोहिमांचे सेनापती. ब्रिगेडियर विजय विमलरत्ने जाफना ब्रिगेडचे प्रमुख. कमोडोर मोहन जयमहा नौदलाच्या उत्तर विभागाचे प्रमुख. जाफना द्वीपकल्पावर मोठी चढाई करण्याची तयारी चालू होती आणि त्याच कामासाठी ते काइट्स बेटावर अराली पॉइंटकडे पाहणीला गेले होते. तिघंही एकाच लँड रोव्हरमध्ये होते, सोबत आणखी अधिकारी. गाडीखाली स्फोट झाला. एकूण दहा जण गेले, एक सैनिक जखमी होऊन वाचला. कोब्बेकडुवा जागीच गेले नाहीत, पण त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. आघाडीचं भूदल आणि नौदल, दोन्हीकडचं डोकं एका क्षणात नाहीसं झालं आणि ठरलेली चढाई बारगळली.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. काइट्स बेट लष्कराने ऑक्टोबर 1991 मध्येच घेतलं होतं, तेही कोब्बेकडुवांच्याच मोहिमेत. म्हणजे हा प्रदेश सुमारे दहा महिने 'आपल्या' ताब्यात होता. यादवी युद्धात सगळ्यात घातक रस्ता बहुतेक वेळा शत्रूच्या हद्दीतला नसतो. तिथे माणूस पाऊल मोजून टाकतो. ताब्यात आलेल्या, पण रात्री कोणी न राखलेल्या रस्त्यावर तो निर्धास्त होतो. नकाशावर रंग बदलला म्हणून साइडपट्टीखालची माती बदलत नाही.

नऊ वर्षांपूर्वीचा धडा

श्रीलंकेच्या लष्कराला हा धोका नवा नव्हता. उलट त्यांचं यादवी युद्ध सुरूच अशा स्फोटाने झालं असं म्हणतात. 23 जुलै 1983 च्या रात्री जाफन्याजवळ तिरुनेल्वेलीत 'फोर फोर ब्राव्हो' या गस्तीवर लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेने हल्ला केला. एक जीप, मागे एक ट्रक, एकूण पंधरा सैनिक. जीपखाली सुरुंग फुटला, ट्रक थांबला आणि त्यावर दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला. तेरा जण ठार झाले. दुसऱ्या दिवसापासून कोलंबोत तमिळांविरुद्ध जे हत्याकांड उसळलं तो 'काळा जुलै'. सरकारी आकडा साडेतीनशे-चारशेच्या आसपास अडकला, इतरांचे अंदाज तीन हजारांपर्यंत जातात.

तांत्रिक बाजूने त्या रात्रीतून तीन गोष्टी कळतात. रस्त्याकडेला टेलिफोनच्या तारांसाठी खोदकाम झालेलं होतं, त्यामुळे उकरलेली माती कोणाला खटकली नाही. रस्त्यावरच्या सरकारी खोदकामाची यादी गस्तीच्या अधिकाऱ्याकडे असायला हवी, हा त्यातला धडा. दुसरं, मागची गाडी पुढचीच्या इतकी जवळ होती की एक सापळा दोघींना पुरला. तिसरं, जीप आणि ट्रक दोन्हींना तळाशी संरक्षण म्हणून काहीच नव्हतं.

तिसऱ्या गोष्टीवर लष्कराने उपाय केला. पहिल्या दोनवर उपाय करायला रोज, प्रत्येक फेरीला शिस्त लागते, आणि ती कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

गाडीखाली स्फोट होतो तेव्हा नेमकं काय होतं

लोक समजतात की माणसं 'आगीने' किंवा 'तुकड्यांनी' मरतात. पुरलेल्या स्फोटात मुख्य मारेकरी वेगळा असतो. स्फोटक फुटतं ते मिलिसेकंदाच्याही अगदी लहानशा भागात. वरची माती दाबली जाते आणि तापलेल्या वायूंसह खांबासारखी वर फेकली जाते. ती गाडीच्या तळावर आदळते. हवेतल्या लाटेपेक्षा या मातीचा ठोसा जड असतो, कारण तिला वस्तुमान आहे. ओल्या, घट्ट मातीत तो आणखी जड होतो. म्हणूनच नाटो संघटनेच्या चाचणीत गाडी मुद्दाम पाण्याने भिजवलेल्या वाळूमिश्रित खडीवर उभी करतात. कोरड्या मातीवर पास झालेली गाडी खरी पास झाली असं मानत नाहीत.

पहिल्या काही मिलिसेकंदांत तळाचा पत्रा आत वाकतो. त्यावर टेकलेले पाय त्याच क्षणी चिरडतात: टाच, घोटा, नडगी. साधारण 10 मिलिसेकंदांच्या आत पायांचा निकाल लागलेला असतो, गाडी अजून जमिनीवरून उचललेलीही नसते. त्यानंतर अख्खी गाडी वर जाते आणि आसनातून धक्का मणक्यात चढतो. कमरेचे मणके दबून फुटतात. मग गाडी हवेत, आतली माणसं छताला किंवा एकमेकांना आदळतात. शेवटी गाडी खाली येते, बहुधा कुशीवर, आणि दुसरा मोठा धक्का बसतो. पट्टा न बांधलेला माणूस अनेकदा या शेवटच्या दोन टप्प्यांत मरतो, स्फोटाने नव्हे.

नाटोच्या नियमावलीत यासाठी मर्यादा ठरलेल्या आहेत. नडगीवर येणारं बळ 5.4 किलोन्यूटनच्या आत, म्हणजे साधारण साडेपाचशे किलो वजनाच्या दाबाइतकं. मणक्यासाठी एक निर्देशांक काढतात, तो 17.7 च्या आत. चाचणीत बाहुल्यांच्या पायांत आणि पाठीत संवेदक बसवून हे मोजतात. गाडी बाहेरून धड दिसली पण बाहुलीच्या नडगीने मर्यादा ओलांडली तर गाडी नापास. त्याच नियमावलीत सुरुंगाच्या पातळ्या आहेत: दुसरी 6 किलो, तिसरी 8, चौथी 10 किलो, आणि प्रत्येक पातळीला स्फोट चाकाखाली की पोटाखाली असे दोन भाग. विक्रेत्याने 'चौथी पातळी' म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारावा, चाकाखाली की पोटाखाली? उत्तर चाचपडत आलं तर समजावं.

आता लँड रोव्हर पाहा. पोलादी चौकटीची चासी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची बॉडी, सपाट तळ, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. माती तळाला काटकोनात भिडते, तिला बाजूला सरकायला वाट नाही. पायांखाली पातळ पत्रा आणि खाली पोकळी. गंज लागू नये, वजन कमी राहावं, खडकाळ रस्त्यावर चालावी, या हिशेबाने ती बनवलेली आहे आणि त्या कामात ती उत्तम आहे. खालून येणारा ठोसा तिच्या हिशेबात कधी नव्हताच.

बफेल आणि तिची लंकेतली भावंडं

सुरुंगरोधक गाड्यांचं शास्त्र मुख्यतः ऱ्होडेशियाच्या (आजचा झिंबाब्वे) आणि दक्षिण आफ्रिकेच्या युद्धांत, 1970 च्या दशकात तयार झालं. कारण साधं होतं: रस्ते कच्चे, अंतरं लांब, सैन्य थोडं आणि प्रतिपक्षाकडे सोव्हिएत बनावटीचे रणगाडाविरोधी सुरुंग. त्यातून लेपर्ड, हिप्पो, बफेल, कॅस्पिर अशी नावं आली. कॅस्पिरचा आराखडा तीन टीएम-57 सुरुंग, म्हणजे सुमारे 21 किलो टीएनटी, चाकाखाली फुटले तरी आतली माणसं जगावीत असा होता. पोटाखाली ही मर्यादा 14 किलो. दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. चाकाखालचा स्फोट माणसांपासून बाजूला होतो आणि चाक, धुरा, स्प्रिंग तुटून उडण्यात बराच जोर खर्ची पडतो. म्हणून या गाड्यांत धुरा मुद्दाम तुटून निघेल अशी जोडलेली असते. चाक उडालेली कॅस्पिर पाहून 'गाडी गेली' म्हणणाऱ्याला तिचं गणित कळलेलं नाही. ते चाक जायलाच हवं होतं.

बफेल ही मर्सिडीज युनिमॉगच्या चासीवरची. चालक डावीकडे वेगळ्या चिलखती केबिनमध्ये, बाजूला इंजिन, मागे दहा सैनिकांची उघडी पेटी. पेटीचा तळ नावेसारखा निमुळता, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, म्हणजे माती आणि वायू दोन्ही बाजूंना घसरून निघून जातात. आसनं मध्ये, पाठीला पाठ लावून, तोंड बाहेर. प्रत्येकाला खांद्यावरून येणारे पट्टे. तळाच्या निमुळत्या जागेत पाण्याची आणि इंधनाची टाकी. टायरांत हवेऐवजी पाणी भरण्याची पद्धतही होती, त्याने स्फोटाची उष्णता आणि जोर थोडा शोषला जातो, पण गाडीचं वजन शेकडो किलोंनी वाढतं आणि सस्पेन्शनचे भाग लवकर खराब होतात.

श्रीलंकेने बफेल आयात केल्या, मग लष्कराच्या विद्युत व यांत्रिक अभियंत्यांनी त्यांच्यावरून स्वतःच्या 'युनिकॉर्न' आणि पुढे 'युनिबफेल' बनवल्या, त्यांत टाटा ट्रकचे भाग वापरले. हा निर्णय शहाणपणाचा होता. सुरुंगरोधक गाडीची खरी किंमत पहिल्या स्फोटानंतर कळते: नवा धुरा, नवं चाक, नवा गिअरबॉक्स किती दिवसांत मिळतो? सुटे भाग शेजारच्या देशातून येत असतील तर गाडी आठवड्यात रस्त्यावर येते. परदेशातून जहाजाने यायचे असतील तर ती यार्डात गंजत पडते आणि जवान पुन्हा साध्या ट्रकमध्ये बसतात.

बफेलचे दोषही खरे होते. गुरुत्वमध्य उंच, त्यामुळे भरधाव वळणावर किंवा खचलेल्या साइडपट्टीवर ती पलटी होते. छत उघडं, म्हणजे वरून टाकलेला ग्रेनेड थेट आत. आणि पट्टे. पट्टा बांधलेला सैनिक पटकन उतरून पोझिशन घेऊ शकत नाही, म्हणून जिथे सुरुंगाच्या जोडीला गोळीबाराची भीती असते तिथे सैनिक पट्टे सोडून बसतात. त्यांचं गणित अगदीच चुकीचं नसतं, पण मग गाडीचं निम्मं संरक्षण त्यांनीच काढून टाकलेलं असतं. उपाय एकच आहे: एका ओढीत सुटणारं बकल, आणि ते सुटून उतरण्याचा सराव रोज, अंधारात, पूर्ण सामानासह. पेटीत सुटं सामान नको. दारूगोळ्याची पेटी, जॅक, पाण्याचा कॅन बांधलेला नसेल तर स्फोटात तो तोफगोळा होतो. पाय तळावर न ठेवता पायटेकीवर ठेवावेत. नव्या गाड्यांत आसन तळाला न जोडता छताला किंवा बाजूच्या भिंतीला टांगलेलं असतं, ते याच कारणासाठी.

आणि मर्यादा. आराखड्याच्या कित्येक पट स्फोटक रस्त्याखाली असेल तर कोणतीही गाडी टिकत नाही. छत्तीसगडमध्ये 2005 साली बिजापूर भागात केंद्रीय राखीव पोलीस दलाची सुरुंगरोधक गाडीच उडवली गेली आणि वीसहून जास्त जवान गेले. त्यानंतर आपल्याकडे या गाड्यांवरचा विश्वासच उडाला, 'चालत जा' हा आदेश निघू लागला. चालत जाणं अनेक ठिकाणी बरोबरच आहे. पण 'गाडी कुचकामी' हा निष्कर्ष चुकीचा होता. गाडी तिच्या आकड्यापर्यंतच काम करते, आणि तो आकडा तिच्या दारावर रंगवलेला असावा, म्हणजे आत बसणाऱ्याला खोटा भरवसा राहत नाही.

पाहणारे डोळे

दाबाने फुटणारा सुरुंग आंधळा असतो, पहिलं चाक येईल त्याला पकडतो. त्याच्यासाठी ऱ्होडेशियाने 'पूकी' नावाची हलकी गाडी काढली होती, शर्यतीच्या मोटारींचे रुंद टायर लावलेली. जमिनीवर दाब इतका कमी की रणगाडाविरोधी सुरुंगावरूनही ती न फोडता जाई आणि दोन्ही बाजूंच्या संवेदकांनी तो शोधून काढी.

यादवी युद्धात मात्र अनेकदा दूर कोणीतरी बसून पाहत असतो आणि स्फोट कधी करायचा ते तो ठरवतो. म्हणजे गाडीची निवड त्याच्या हाती. ताफ्यात चार चिलखती गाड्या आणि एक जीप असेल, जीपवर दोन लांब अँटेना, पुढेमागे पहारा, तर त्याला फार विचार करावा लागत नाही. एका मोठ्या अधिकाऱ्याची जीप वाचवायची तर पहिली गोष्ट म्हणजे तिला इतरांसारखं दिसू द्यायचं. झेंडा, तारे, वेगळा रंग, वेगळी अँटेना काही नको. अधिकारी कधी दुसऱ्या, कधी चौथ्या गाडीत. निघायची वेळ बदलती. गेलेल्या वाटेने परत येणं टाळायचं, आणि बेटावर वाट एकच असेल तर परतीच्या आधी ती पुन्हा नव्याने तपासायची.

आणि दोन सेनापती एका गाडीत नाहीत. हा नियम कागदावर जवळपास प्रत्येक सैन्यात आहे. तो मोडला जातो तो निष्काळजीपणाने नव्हे, कामाच्या ओघात. पाहणीला निघालेल्या अधिकाऱ्यांना वाटेत बोलायचं असतं, नकाशा एकत्र पाहायचा असतो, नौदल आणि भूदलाचा मेळ गाडीतच बसवायचा असतो. उघड्या लँड रोव्हरमधून चौफेर दिसतं, बफेलमध्ये शेजारच्याशी धड बोलताही येत नाही. अराली पॉइंटला नेमका कोणता विचार झाला ते त्या गाडीबरोबर गेलं, पण पाहणीच्या फेऱ्यांत हा मोह प्रत्येक वेळी असतो. म्हणून हा नियम अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडायचा नाही. कोण कोणत्या गाडीत, कोणत्या आसनावर, ही यादी निघण्याआधी तळावर जमा करायची आणि यादी पाहून गाडी अडवण्याचा अधिकार ताफ्याच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला लेखी द्यायचा. जनरलला 'साहेब, तुम्ही मागच्या गाडीत' असं सांगू शकणारा लेफ्टनंट ज्या सैन्यात आहे, तिथेच हा नियम जिवंत असतो.

रस्ता खुला करणं

आपल्याकडे याला सरसकट आरओपी म्हणतात, रोड ओपनिंग पार्टी. यात सगळ्यात जास्त घोटाळा एका गोष्टीत होतो: रस्ता तपासला जातो, पण राखला जात नाही. पहाटे तुकडी चालून गेली, वायरलेसवर 'रस्ता मोकळा' असा संदेश आला आणि ताफा चार तासांनी निघाला, तर तो रस्ता तपासलेला नाही असंच धरायचं. तपासलेल्या प्रत्येक मोरीवर, वळणावर आणि चढावर शेवटची गाडी जाईपर्यंत माणूस दिसला पाहिजे. माणसं पुरत नसतील तर रस्ता लहान निवडा किंवा ताफा रद्द करा.

चालणारे रस्त्याच्या मधून चालत नाहीत. दोन्ही बाजूंना, रस्त्यापासून बऱ्यापैकी आत, एकमेकांमागे अंतर ठेवून. ते रस्त्याकडे कमी आणि बाहेरच्या बाजूला जास्त पाहतात: नवी तार, ताजी उकरलेली पट्टी, दवात उमटलेली पाऊलवाट, रस्ता स्पष्ट दिसेल अशी आडोशाची जागा, तिथे दबलेलं गवत, विड्यांची थोटकं. काल नसलेला दगडांचा ढीग किंवा झाडावरची खूण. शाळा भरायच्या वेळी रस्ता ओस असेल तर गावाला काहीतरी माहीत आहे. धातुशोधक यंत्र लावायचं, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. रस्त्याच्या मुरुमात खिळे, बाटल्यांची झाकणं, तारेचे तुकडे इतके असतात की ते सतत किंचाळतं, आणि कंटाळलेला माणूस आवाज कमी करतो. धातू कमी असलेला किंवा खोल पुरलेला बॉम्ब त्याला कळत नाही. कुत्रा जास्त विश्वासू, पण दुपारच्या उन्हात तो फार वेळ काम करत नाही. त्याची जोडी असली पाहिजे, एक काम करत असताना दुसरा सावलीत. कुत्र्याची जीभ लोंबू लागली की त्याचं 'काही नाही' खरं मानायचं नाही.

मोऱ्या ही कायमची डोकेदुखी. प्रत्येक मोरीला दोन्ही तोंडांना जाळी, जाळीला कुलूप किंवा वेल्डिंग, आणि कुलपावर दिवसाची खूण. खूण बदललेली दिसली की ताफा थांबला.

गाड्यांमध्ये अंतर किमान 50 मीटर, मोकळ्या रस्त्यावर 100. एका स्फोटाने एकच गाडी जावी आणि मागची त्या सापळ्यात शिरण्याआधी थांबावी, एवढंच या अंतराचं काम. मात्र पुढची गाडी नजरेतून जाता कामा नये, म्हणून वळणावर अंतर कमी होतं आणि नेमकं तिथेच सुरुंग असतो. वळणावर पुढची गाडी पार होईपर्यंत मागचीने थांबायचं, हे चालकाच्या अंगवळणी पडलं पाहिजे.

घाई ही या सगळ्याची वैरी. 1 मे 2019 ला गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. तिकडे खासगी गाडीतून निघालेले शीघ्र कृती दलाचे 15 पोलीस आणि चालक जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात गेले. जळितकांड हेच आमिष ठरलं. मोठी घटना घडली की पहिला तास निघण्याचा नसतो, रस्ता पाहण्याचा असतो. वरून कितीही फोन आले तरी.

काही वेळा खरा उपाय रस्ता सोडणं हाच असतो. उत्तर आयर्लंडच्या दक्षिण आर्मामध्ये ब्रिटिश सैन्याने 1970 च्या दशकात ठाण्यांचा पुरवठा हेलिकॉप्टरवर नेला. श्रीलंकेतही जाफन्याचा जमिनीवरचा मार्ग तुटल्यावर त्रिंकोमालीहून जहाजाने कांकेसनतुरैला आणि विमानाने पलालीला माल जाऊ लागला. मग लिट्टेने क्षेपणास्त्रं आणून 1995 च्या एप्रिलमध्ये दोन दिवसांत दोन वाहतूक विमानं पाडली. त्यामुळे 'रस्ता सोडला म्हणजे सुटलो' असंही नाही, पण शत्रूला नवं हत्यार आणायला वेळ आणि पैसा लागतो, आणि तो वेळ मिळतो.

थांब्याची जागाही तितकीच महत्त्वाची. 16 ऑक्टोबर 2006 ला हबरणाजवळ दिगंपतनला नौदलाच्या बसगाड्या एकत्र उभ्या होत्या, रजेवर जाणारे-येणारे, बहुतेक निःशस्त्र. स्फोटकांनी भरलेला ट्रक त्यांच्यात घुसला आणि शंभरच्या आसपास माणसं गेली. ताफा चालू असताना जपणारे लोक चहाच्या थांब्यावर मोकळे होतात. रोज तोच थांबा, तीच वेळ, गाड्या बंपरला बंपर लावून. हे सुरुंगापेक्षा सोपं लक्ष्य आहे.

स्फोटानंतरची पंधरा मिनिटं

पहिली ओढ जखमींकडे धावण्याची. ती आवरायची. उतरण्याआधी प्रत्येकाने गाडीच्या भोवतालचे पाच मीटर खिडकीतून पाहायचे, मग पाय टाकायचा, मग पंचवीस मीटरपर्यंत पाहत जायचं. 27 ऑगस्ट 1979 ला उत्तर आयर्लंडमध्ये वॉरनपॉइंटला पहिला बॉम्ब फुटला, मदतीला आलेल्यांनी जवळच्या फाटकाच्या दगडी इमारतीपाशी आपलं ठाणं मांडलं आणि 32 मिनिटांनी दुसरा तिथेच फुटला. एकूण 18 सैनिक गेले, बरेचसे दुसऱ्या स्फोटात. मदतीची जागा साहजिक वाटते तीच शत्रूनेही हेरलेली असते. म्हणून पहिल्या नजरेला पटलेली जागा सोडून दुसरी घ्यायची, आणि तीही तपासून.

जखमीजवळ पोहोचल्यावर क्रम बदलतो. शाळेत शिकवलेला 'श्वास आधी' हा क्रम इथे दुसरा. तुटलेल्या पायातून रक्त वाहत असेल तर आधी टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, मांडीवर शक्य तितकं वर, कपड्यांवरूनच, रक्त थांबेपर्यंत पिळायचं. दुखतं म्हणून सैल करायचं नाही. लावल्याची वेळ कपाळावर किंवा टूर्निकेटवर लिहायची. एकाने थांबलं नाही तर त्याच्या वर दुसरं. मग श्वासमार्ग, छाती. बाहेरून धड दिसणारा, पण गोंधळलेला, खोकताना रक्त येणारा जवान सर्वांत फसवा. त्याच्या फुप्फुसाला धक्का लागलेला असू शकतो, त्याला पहिल्या हेलिकॉप्टरमध्ये बसवायचं. पाठ दुखते म्हणणाऱ्याला उठवून बसवायचं नाही, त्याच्या कमरेचा मणका मोडलेला धरूनच चालायचं.

चौकशी: गाडीखाली की गाडीत?

अराली पॉइंटचा स्फोट लिट्टेच्या भूसुरुंगाचा, हे लष्कराचं म्हणणं. पुढे कोलंबोतल्या राजकारणाने त्यात कटाचा संशय घातला, आयोग बसले आणि त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. कोब्बेकडुवांची लोकप्रियता पाहता तो संशय इतका टिकला यात नवल नाही. राजकीय बाजू इतिहासकारांवर सोडू. पण अशा वादातला तांत्रिक प्रश्न सोडवता येतो, जागा पहिल्या दिवशी नीट हाताळली तर.

जमिनीतल्या स्फोटाने खड्डा पडतो, कडेला माती साठते. गाडीत ठेवलेल्या बॉम्बने रस्त्यावर उथळ खळगा पडेल किंवा नुसता काळा डाग. तळाचा पत्रा खालून फाटला तर त्याच्या पाकळ्या आत, वर वळतात. आतून फुटला तर बाहेर, खाली. चासीची तुळई कोणत्या दिशेला वाकली, चालकाच्या पेडलवर माती रुतली की नाही, आसनाच्या स्प्रिंगा दबल्या की ताणल्या, हे सगळं एकाच बाजूला बोट दाखवतं. आणि मृतदेह सर्वांत जास्त बोलतात. खालचा स्फोट टाचा, नडग्या आणि कमरेत दिसतो, आणि आसनागणिक सारखाच दिसतो. आतला स्फोट बॉम्बजवळच्या एकदोघांच्या धडाचा चुराडा करतो आणि दूरच्यांना त्या मानाने सोडतो. यासाठी प्रत्येक देहाचा पायापासून डोक्यापर्यंत क्ष-किरण फोटो हवा आणि कोण कोणत्या आसनावर होतं ती यादी हवी. निघताना तळावर ठेवलेली तीच यादी.

घेर किती मोठा ठेवायचा? सर्वांत दूर सापडलेल्या तुकड्याचं अंतर मोजायचं आणि त्याच्या दीडपट. तिथपर्यंत कोणी चालायचं नाही. खड्ड्यातली माती तळातून आणि कडांतून वेगवेगळी उचलायची, शिवाय लांबून, स्फोटाचा स्पर्श नसलेल्या जागेची मातीही, तुलनेसाठी. ही तुलनेची माती नेहमी विसरली जाते आणि तिच्याशिवाय प्रयोगशाळेचा अहवाल न्यायालयात लंगडा पडतो. नमुने नायलॉनच्या पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, साध्या प्लॅस्टिकमधून बाष्प निघून जातं. उचलणाऱ्याचे हातमोजे प्रत्येक नमुन्याला नवे, आणि त्या दिवशी स्वतः दारूगोळा हाताळलेल्या जवानाला या कामाला लावायचं नाही. गाडीचा सांगाडा क्रेनने उचलण्याआधी खालून, चारही बाजूंनी फोटो, मोजपट्टी ठेवून. क्रेनच्या साखळीने वाकलेला पत्रा नंतर स्फोटाने वाकल्यासारखाच दिसतो.